शाळा उघडण्यापूर्वी मुलांची झोप



ज्येष्ठ महिना लागला म्हणजे आपल्या घरांतून दोन तयाऱ्या एकाच वेळी चालू असतात. वारीला निघणारी माणसे पडशी बाहेर काढतात, टाळांची दोरी तपासतात, पावसासाठी प्लास्टिकचा कागद आणून ठेवतात. आणि त्याच ओसरीवर मुलांच्या वह्यांना कव्हरे घालण्याचे काम चाललेले असते. गणवेश आणला, दप्तर आणले, बूट एक नंबर मोठे घेतले, की मुलाची शाळेची तयारी झाली असे आपण समजतो. परंतु दीड महिन्याच्या सुटीत ज्या मुलाची रात्र साडेअकरापर्यंत लांबली आणि सकाळ साडेआठपर्यंत पुढे सरकली, त्याला जूनच्या मध्यावर एके दिवशी पहाटे एकदम उठवून उभे केले तर त्याच्या शरीराची काय दशा होते, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. मीही केला नव्हता. सारी नोकरी प्राथमिक शाळेत मुलांना शिकवण्यात गेली, वर्गात पेंगणारी मुले शेकड्यांनी पाहिली, त्यांतल्या कित्येकांना बाकावर उभेही केले. पण ते पोर पेंगते का, हे विचारावेसे कधी वाटले नाही. ते मला घरच्याच एका प्रसंगाने शिकवले. ती हकीगत आधी सांगतो, मग पुढचा पाठ.

२०१८ साली ज्येष्ठ अधिक आला होता. १६ मे ते १३ जून असा तो अधिक मास, म्हणजे नेमका मुलांच्या सुटीचा काळ. आमच्या गावी सप्ताह बसला, शेजारच्या दोन गावांतही बसला. माझा नातू तेव्हा आठ वर्षांचा, तिसरीत जाणारा. टाळ चांगला धरी. रात्री नऊ ते अकरा कीर्तन, त्यानंतर जागराचे भजन, पोरगा माझ्या मांडीला मांडी लावून बसे, आणि लोक म्हणत, "आबा, नातवाने नाव काढले तुमचे." मला ते गोड लागे. खोटे कशाला सांगू? घरी येऊन अंथरुणावर पडायला बारा होत, आणि सकाळी नऊ वाजले तरी त्याला कोणी उठवीत नसे. सुटीच आहे, झोपू दे, असे मीच सुनेला सांगे.

अधिक महिना १३ तारखेला संपला. १५ जूनला, शुक्रवारी, शाळा उघडली. शाळा तालुक्याच्या गावी, सकाळच्या सत्राची, सात दहाला भरणारी. पहाटे साडेपाचला मी त्याला हाका मारल्या, उठेना, म्हणून तोंडावर गार पाणी मारले. रडत रडत त्याने आवरले. शनिवारी तसेच. रविवारी पुन्हा नऊपर्यंत झोपला. सोमवारी त्याची बस चुकली, तेव्हा त्याला सायकलच्या कॅरियरवर बसवून मी निघालो. गावाबाहेर आलो नाही तोच पोरगा मागे बसल्या बसल्या पेंगला, पाय सैल सुटला आणि मागच्या चाकाच्या तारांत गेला. टाच सोलून निघाली. सात टाके पडले आणि पुढचे तीन आठवडे शाळा बुडाली ती वेगळीच.

दवाखान्यात टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी सायकलची चौकशी केली नाही. त्यांनी विचारले, "हा रात्री किती वाजता झोपतो?" मी गप्प राहिलो. उत्तर सुनेने दिले. घरी आल्यावर ती मला एवढेच म्हणाली, "आबा, त्याला बोलू नका. महिनाभर आपणच त्याची रात्र लांबवली, आणि दोन दिवसांत ती आटप म्हणालो." त्या दिवसापासून या विषयावर मी जे वाचले, डॉक्टरांना विचारले आणि नंतर घरच्या चार मुलांवर करून पाहिले, ते इथे मांडतो.

पहिली गोष्ट अशी की झोप ही दिवा मालवल्यासारखी हुकमाने येत नाही. आपल्या शरीरात एक घड्याळ आहे. ही नुसती बोलण्याची रीत नव्हे. १७२९ साली फ्रान्समध्ये द मैरां नावाच्या एका शास्त्रज्ञाने लाजाळूच्या जातीचे एक झाड अंधारात कोंडून ठेवले. ते झाड दिवसा पाने उघडी आणि रात्री मिटी. सूर्य दिसेनासा झाल्यावरही त्याची पाने दिवसाच्या वेळी उघडत आणि रात्रीच्या वेळी मिटत राहिली. म्हणजे वेळ झाडाच्या आतच होती. पुढे फळांवर बसणाऱ्या चिमुकल्या माश्यांवर अभ्यास करून हे आतले घड्याळ पेशींत कसे चालते ते हॉल, रोसबाश आणि यंग या तिघा अमेरिकन संशोधकांनी उलगडले, आणि २०१७ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या मेंदूतही दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या किंचित वर या घड्याळाचे मुख्य ठाणे आहे. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून ते आपली वेळ रोज लावून घेते. अंधार पडू लागला की मेंदूतली एक लहानशी ग्रंथी मेलाटोनिन नावाचा रस रक्तात सोडते आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी पोचते. डोळ्यांवर झगझगीत उजेड राहिला तर ती वर्दी उशिरा निघते.

आता यातली खरी मेख ऐका. हे घड्याळ बरोबर चोवीस तासांचे नाही. १९९९ साली अमेरिकेतील हार्वर्डच्या संशोधकांनी माणसांना बाहेरच्या वेळेचा पत्ता लागू न देता त्याचे मोजमाप केले, तेव्हा ते सरासरी २४ तास ११ मिनिटांचे निघाले. म्हणजे मोकळे सोडले तर ते रोज थोडे थोडे मागेच पडणार. म्हणून मुलाला रात्री उशिरा जागवणे सोपे जाते, त्याला काही शिकवावे लागत नाही. आणि लवकर झोपवणे मात्र जड जाते. सुटीत रोज थोडी थोडी पुढे गेलेली झोप आपल्याला कळतही नाही. परत आणताना मात्र घरात रडारड होते. मोठ्यांना वाटते पोर हट्टी झाले. ते हट्टी नसते. रात्री साडेआठला तुम्ही त्याला अंथरुणात घातले, तेव्हा त्याच्या आतल्या घड्याळात अजून दिवस असतो. भर दुपारी चारला तुम्हाला कोणी दार लावून निजायला सांगितले तर तुम्ही काय कराल?

झोप किती हवी, याचेही माप आहे. अमेरिकेतील निद्रावैद्यांच्या संस्थेने २०१६ साली बरेच संशोधन तपासून ते ठरवून दिले. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दहा ते तेरा तास, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास, आणि तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तास. आपल्याकडे आठ वर्षांचे पोर सात तास झोपले की पुष्कळ झाले असे म्हणतात. पुष्कळ होत नाही. रात्रीच्या पूर्वार्धातल्या गाढ झोपेत वाढीचा रस शरीरात अधिक सुटतो. दिवसा पाठ केलेले पाढे आणि कविता डोक्यात पक्क्या बसण्याचे कामही झोपेतच चालते. झोप अपुरी राहिलेले मूल मोठ्या माणसासारखे नुसते पेंगत नाही. पुष्कळदा ते उलट चिडते, उड्या मारते, एका जागी ठरत नाही. आणि आपण त्याला द्वाड म्हणतो.

येथे आपल्यातला कोणी वडीलधारा विचारील, की अहो, संतांनी तर झोपेला आळसाची बहीण मानले, एकादशीला जागर सांगितला, आणि तुम्ही निद्रेचे स्तोत्र काय गाता? हा प्रश्न मलाही पडला होता. पण जागर हे मोठ्यांनी आपल्या खुशीने घेतलेले व्रत आहे, आणि आठ वर्षांच्या पोराने ते घेतलेले नसते. ते केवळ आपल्यापाशी बसलेले असते. शिवाय गीतेच्या सहाव्या अध्यायात अति झोपणाऱ्याला योग साधत नाही असे सांगितले, तसे अति जागणाऱ्यालाही साधत नाही असेच सांगितले आहे. झोपणे आणि जागणे दोन्ही माफक असावे हा तेथला उपदेश, आणि ज्ञानेश्वरीत त्यावर विवरण आहे. ते सांगणे मोठ्या साधकासाठी आहे. वाढत्या अंगाच्या लेकराचे माप त्याहून वेगळे आहे हे तर उघडच आहे. सप्ताहात मुलांना येऊ द्यावे, पण त्यांची जागा संध्याकाळच्या हरिपाठात. हरिपाठ झाला, जेवण झाले, की मुलांनी घरी जावे, आणि घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाने त्या रात्रीपुरते कीर्तन सोडून त्यांच्यापाशी थांबावे. हे थांबणे पाळीपाळीने व्हावे. नेहमी एकट्या सुनेच्याच गळ्यात ते पडते, ते बरे नव्हे. लवकर झोपलेल्या मुलाला काकड्याला यावेसे वाटले तर तो आपण होऊन उठून येतो. आमच्याकडची दोन मुले तशी येतात. आईच्या मांडीवर मंडपात लागलेली झोप ही झोप धरू नका. पखवाजाच्या थापेने ती दर घटकेला मोडत असते.

आता प्रत्यक्ष करावयाचे कसे ते सांगतो. माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: रात्रीकडून सुरुवात करू नका, सकाळकडून करा. मुलाला लवकर झोपवणे आपल्या हाती नाही, परंतु लवकर उठवणे आपल्या हाती आहे; आणि लवकर उठलेल्याला, दुपारी झोपू दिले नाही तर, रात्री झोप लवकर येतेच. यासाठी दहा-बारा दिवस हाताशी हवेत.

हिशेब मांडून पाहू. समजा, मूल रात्री साडेअकराला झोपते आणि साडेआठला उठते. शाळा सकाळची आहे, त्याला पावणेसहाला उठावयाचे आहे. साडेआठ ते पावणेसहा हे अंतर पावणेतीन तासांचे, म्हणजे अकरा पाव तास. रोज पाव तास अलीकडे आणावयाचे म्हटले तर अकरा दिवस लागले. शाळा १५ जूनला असेल तर ३ जूनला सव्वाआठला उठवा, ४ ला आठला, ५ ला पावणेआठला, असे करीत १३ जूनला तो पावणेसहावर येतो. दोन दिवस हाती उरतात. त्यांत एखादा दिवस पाहुण्यांमुळे किंवा लग्नामुळे चुकला तर भरून निघतो. झोपण्याची वेळही याच पावलाने साडेअकरावरून पावणेनऊवर येते. पावणेनऊ ते पावणेसहा, नऊ तास झाले. हे त्या वयाचे कमीत कमी माप आहे; साडेआठला झोपला तर अधिक बरे. शाळा साडेदहाची असेल, जशी आपल्या बहुतेक खेड्यांत असते, तर एवढी ओढाताण नाही. साडेसहाला उठणे आणि नऊला झोपणे पुरते. मात्र शनिवारची सकाळची शाळा विसरू नका. पाच दिवस उशिरा उठून सहाव्या दिवशी पहाटे उठणारे मूल दर शनिवारी अर्धवट झोपेत शाळेला जाते. विदर्भातल्या वाचकांना उन्हामुळे शाळा आठ-पंधरा दिवस उशिरा उघडत असल्याने तेवढी सवड अधिक मिळते. त्यांनी हा हिशेब आपल्या तारखेवरून मागे मोजावा.

पहिले तीन दिवस मूल रात्री लवकर झोपणार नाही, हे आधीच समजून असा. ते अंथरुणात लोळेल, पाणी मागेल, गोष्ट मागेल. त्याला रागावू नका, आणि "आता नाही झोपलास तर" अशी धमकीही देऊ नका. भीतीने झोप आणखी उडते. मात्र सकाळी ठरल्या वेळी उठवा. एखादे दिवशी त्याची झोप कमी पडेल, तीच कमी दुसऱ्या रात्री कामाला येते.

उठवण्याची रीत हा एक वेगळाच धडा आहे. गार पाणी मारू नका, पांघरूण ओढू नका. मी दोन्ही केले आहे, म्हणून सांगतो. आधी दार आणि खिडकी उघडा. घरात सकाळची खुडबूड चालू होऊ द्या. पाठीवरून हात फिरवून नावाने हाक मारा, आणि उठला की त्याला अंगणात, निदान उंबऱ्यावर, उघड्या आभाळाखाली आणून बसवा. तोंड धुणे, दात घासणे तिथेच होऊ द्या. पंधरा-वीस मिनिटे तो उजेडात राहिला पाहिजे. हे औषध फुकटचे आहे आणि त्यासारखे दुसरे नाही. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की आतले घड्याळ पुढे सरकते आणि त्या दिवशीची रात्र लवकर येते. जूनमध्ये आभाळ भरलेले असते, मग काय उपयोग, असे म्हणू नका. ढगाळ सकाळचा अंगणातला उजेडही घरातल्या ट्यूबच्या उजेडाच्या कितीतरी पट असतो, डोळ्याला तो तसा वाटत नाही इतकेच. आणि उठल्यावर तासाभरात काहीतरी पोटात गेले पाहिजे. दूध-भाकरी, पोहे, रात्रीची भाकरी कुस्करून, जे घरात असेल ते. पोटाच्या भुकेलाही वेळेचे वळण लागते.

दुपारची झोप हे मे महिन्याचे दुखणे. उन्हाच्या तिरपीत घर सगळे दोन तास आडवे होते आणि मूलही होते. शाळेत जाणाऱ्या मुलाची ही झोप आधी अर्ध्या तासावर आणा, तीही तीनच्या आत. मग बंद करा. बालवाडीतल्या मुलाला मात्र दुपारी झोपू द्या, त्याला ती हवीच असते. संध्याकाळी पोरांना पायांवर खेळू द्या. विटी-दांडू, लंगडी, काहीही. घाम आलेले शरीर वेळेवर निजते.

आणि संध्याकाळचा चहा. आपल्या घरांतून वारकरी आला-गेला फार, दर पाहुण्यामागे चहा, आणि प्रत्येक वेळी मुलांच्या हातात अर्धा कप. चहातले कॅफीन मोठ्या माणसाच्या अंगातूनही निम्मे उतरायला पाचेक तास लागतात. मुलाचे अंग तर केवढेसे. दुपारनंतर मुलांना चहा देऊ नये. माझ्या बहिणीने हे ऐकून "एवढ्याशा चहाने काय होतंय" म्हणून मला वेड्यात काढले होते. तिच्या नातीचा पाचचा चहा आठवडाभर बंद केल्यावर ती स्वतःच मला सांगत आली.

आता अवघड गोष्ट, ती म्हणजे आपण मोठी माणसे. साडेसातला जेवणे उरकावीत, आठनंतर घरातला झगझगीत दिवा घालवून एखादा मंद बल्ब ठेवावा, आणि निजण्यापूर्वी निदान एक तास मुलाच्या हाती मोबाइल नसावा. मुलांच्या डोळ्यांची बाहुली मोठी आणि आतले भिंग अगदी स्वच्छ असते, त्यामुळे तोच उजेड त्यांच्या डोळ्यांत आपल्यापेक्षा अधिक शिरतो. आमच्याकडे असे ठरले की आठ वाजता घरातले सगळे मोबाइल ओसरीवरच्या फळीवर ठेवायचे, माझाही. पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त कुरकुर मीच केली. मला रात्री मोबाइलवर कीर्तने ऐकावयाची सवय लागली होती. बाप मालिका पाहत बसला आहे आणि पोराला "तू झोप" म्हणतो, हे पोराला पटत नाही, आणि पटू नये हेच बरे. दूरचित्रवाणी त्याच खोलीत असेल आणि घर एकाच खोलीचे असेल, तर जून महिन्यापुरती ती आठला बंद करावी. पुढे आवाज लहान करून पाहा. एका खोलीत आठ माणसे राहतात तिथे हे सांगणे सोपे नाही, हे मी जाणतो. तिथे निदान मुलाचे अंथरूण कोपऱ्यात, दिव्याकडे पाठ येईल असे घालावे.

ज्यांना हा अंक उशिरा मिळाला, किंवा शाळा उघडून गेलीच आहे, त्यांनी हताश होऊ नये. सकाळची वेळ शाळेने ठरवूनच दिली आहे. तेवढी धरून ठेवा, घरी आल्यावर झोपू देऊ नका, फार पेंगला तर वीस मिनिटे. आठवडा-दहा दिवसांत घडी बसते. मात्र रविवारी सांभाळा. रविवारी तासाभरापेक्षा अधिक उशिरा उठू दिले की आठवडाभराची कमाई वाया जाते आणि सोमवार पुन्हा रडका उगवतो. माझ्या नातवाचा अपघात सोमवारचाच होता.

शासनानेही या गोष्टीची दखल घेतली आहे. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, आणि मुलांची झोप पुरी होत नाही हेच कारण त्यात धरले होते. चांगले झाले. पण शाळा नऊची झाली म्हणून रात्र बाराची केली, तर त्या निर्णयाचा मुलाला काय लाभ? आणि पाचवीपासून पुढची मुले अजून अनेक ठिकाणी सकाळच्या सत्रातच आहेत.

आपणा वारकऱ्यांना हे सगळे नवे वाटण्याचे कारण नाही, कारण वारीच्या वाटेवर आपण तेच करतो. मुलांना घेऊन वारी चालणाऱ्यांनी पाहिले असेल, की घरी दहालाही न झोपणारे पोर पालखी तळावर टेकली, पिठले-भाकरी खाल्ली, की तंबूत कलंडते आणि पहाटे तीन-चारला इतरांबरोबर उठून बसते. तिथे त्याला कोणी झोप म्हणत नाही. पहाटेपासून उघड्या आभाळाचा उजेड, दिवसभर चाल, ठरल्या वेळी जेवण, रात्री अंधार, आणि भोवतालची माणसे त्याच वेळी निजणारी. पहिले दोन मुक्काम पोर कुरकुरते, तिसऱ्यापासून लागी लागते. घरी यातले निम्मे जरी जमवले तरी काम होते.

पण वारीचीच एक अडचणही आहे, आणि ती आपल्याच मासिकात लिहिली नाही तर कुठे लिहावी? पुष्कळ घरांत मुलांना उठवणारी, न्हाऊ घालणारी, डबा भरणारी आजी असते, आणि शाळा उघडते त्याच सुमारास ती वारीला निघते. २०२५ साली शाळा १६ जूनला उघडल्या आणि देहूहून पालखी १८ ला, आळंदीहून १९ ला निघाली. मुलाची घडी बसायला लागली नाही तोच घडी बसवणारे माणूस उठून गेले, आणि एकादशी ६ जुलैला. जवळजवळ तीन आठवडे. आजीच्या हाकेला उठणारे मूल आईच्या हाकेला उठत नाही, आईला सकाळी गोठ्याचे आणि शेताचे काम असते, आणि वारीहून परत यावे तो पोराची पुन्हा सुटीसारखीच गत. म्हणून वारीला निघणाऱ्यांनी निघण्याच्या आठवडाभर आधी हे काम दुसऱ्याच्या हाती सोपवावे. नुसते सांगून नव्हे, तर तो उठवील आणि आपण बाजूला बसून पाहू, असे चार दिवस करावे. घरात कोणीच मोकळे नसेल तर शेजारच्या घरातल्या शाळकरी मुलाशी जोड घालून द्यावी; मित्र दाराशी हाक मारायला आला की पोर बरोबर उठते.

दोन गोष्टी डॉक्टरांकडे नेण्याच्या. मूल रोज रात्री तोंड उघडे टाकून मोठ्याने घोरत असेल, घोरता घोरता श्वास अडल्यासारखा होऊन दचकत असेल, तर त्याच्या घशातल्या गाठी वाढलेल्या असू शकतात. त्याला नऊ तास निजवूनही झोप पुरी होत नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. दुसरे, तीन-चार आठवडे नेटाने करूनही मुलाला झोप येतच नसेल, किंवा रोज सकाळी शाळेच्या वेळेलाच पोट दुखत असेल आणि सुटीच्या दिवशी दुखत नसेल, तर झोपेच्या आड दुसरे काही आहे. वर्गात कोणी मारते का, कशाची धास्ती आहे का, हे त्याला एकट्याला जवळ घेऊन, रागाची वेळ नसताना, विचारावे. मेलाटोनिनच्या गोळ्या आता औषधाच्या दुकानांत मिळतात. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मुलांना त्या देऊ नयेत.

बारा-तेराच्या पुढच्या मुलांविषयी थोडे वेगळे सांगणे आहे. या वयात आतले घड्याळच एक-दोन तास उशिराचे होते. हा वयाचा धर्म आहे, दर वेळी मोबाइलचा दोष नव्हे. दहावीतल्या पोराला रात्री नऊला झोप येत नाही म्हणून त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. त्याला दहाची वेळ द्या, पण सकाळची वेळ आणि सकाळचा उजेड तोच ठेवा, आणि अभ्यासाच्या नावाने एक-दीडपर्यंत जागू देऊ नका. झोप मोडून केलेली घोकंपट्टी पेपरात आठवत नाही, हे शिक्षक म्हणून मी खात्रीने सांगू शकतो.

माझा नातू आता या वयात आला आहे. टाचेवरचा व्रण अजून दिसतो. टाळ सुटलेला नाही. एकादशीच्या भजनाला येतो, दहाला उठून जातो, आणि लोकांनी काही म्हटले तर उत्तर मी देतो. मी वारीला जाताना त्याला उठवण्याचे काम त्याच्या धाकट्या बहिणीकडे सोपवतो. घरात सर्वांत आधी तीच उठते, आणि दार उघडून त्याच्या तोंडावर उजेड पाडण्यात तिला भारी गंमत वाटते.